पाथरवट आमदाराचे चरित्र कसे लिहावे

चार्ल्स जार्डिन डॉन हा माणूस १८२० साली स्कॉटलंडमधील कूपर अँगस या गावी जन्मला, हातमागावर विणकाम शिकला, तरुणपणी कामगारांसाठी मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीत वावरला आणि १८५३ साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीत येऊन मेलबर्नमध्ये दगडकाम करू लागला. १८५९ साली कॉलिंगवूड या कामगारवस्तीने त्याला वसाहतीच्या विधानसभेत पाठवले, १८६४ पर्यंत तो तेथे होता आणि १८६६ साली वारला. ब्रिटिश साम्राज्यातील एखाद्या विधिमंडळात कामगारांचा म्हणून निवडून गेलेला पहिला प्रतिनिधी असे त्याचे वर्णन केले जाते. एवढे कोणत्याही कोशात मिळते. कोशातल्या या सहा ओळींचे चरित्र कसे करावे हा या लेखाचा विषय आहे. डॉन हा उदाहरण म्हणून घेतला असला, तरी ही रीत वसाहतकाळातील कोणत्याही स्थलांतरित बांधकामी पुढाऱ्याला लागू पडेल.

कामाला बसताना पहिला कागद घ्यावा तो सालवारीचा, पण त्याला नेहमीपेक्षा एक रकाना जास्त ठेवावा. साल, ठिकाण आणि घटना यांच्या शेजारी ‘त्या वर्षी पोट कशावर भरले’ असा चौथा रकाना आखावा आणि तो भरल्याशिवाय पुढे जाऊ नये. पुढाऱ्याची भाषणे सहज सापडतात, कारण ती छापली जातात. त्याची मजुरी मात्र कोणी छापत नाही, आणि पाथरवट आमदाराच्या आयुष्यातले सगळे पेच त्या रिकाम्या रकान्यात दडलेले असतात. महात्मा फुले यांचे चरित्र वाचलेल्यांना हे निराळे सांगायला नको. पुण्याच्या नगरपालिकेत बसणारे जोतीराव बांधकामाची कंत्राटे घेत होते, हे लक्षात घेतले की त्यांच्या सार्वजनिक कार्याला पैसा कोठून येत असे याचा उलगडा होऊ लागतो.

डॉनच्या बाबतीत हा रकाना इतका महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी आधी कायदे पाहावेत. चार्टिस्टांच्या सहा मागण्या होत्या: सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार, गुप्त मतदान, उमेदवाराला मालमत्तेची अट नसणे, समान मतदारसंघ, सभासदांना वेतन आणि दरवर्षी नवी संसद. इंग्लंडमध्ये त्या मागण्या मागे पडलेल्या असताना व्हिक्टोरियात १८५६ साली गुप्त मतदान आले, १८५७ साली विधानसभेसाठी पुरुषांना सरसकट मताधिकार मिळाला आणि त्याच सुमारास विधानसभेच्या उमेदवारांवरची मालमत्तेची अटही गेली. वेतन मात्र १८७० पर्यंत आले नाही. म्हणजे १८५९ साली पाथरवटाला निवडून येण्याचा हक्क होता, पण निवडून आल्यावर जेवायचे काय याची सोय कायद्यात नव्हती. डॉनची पाचही वर्षे या फटीत गेली. ही गोष्ट तळटिपेत न ढकलता चरित्राच्या मध्यभागी ठेवावी.

आता साधनांकडे वळू. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘ट्रोव्ह’ हे संकेतस्थळ पुण्यात किंवा नाशिकात बसूनही फुकट पाहता येते आणि त्यावर ‘द आर्गस’, ‘द एज’ यांसारखी जुनी वृत्तपत्रे पानांच्या छायाचित्रांसह आहेत. त्यात शोध घेण्याची एक युक्ती असते. ‘डॉन’ हे आडनाव शोधखान्यात टाकले की स्पॅनिश सरदारांपासून ऑपेरातल्या पात्रांपर्यंत सगळे समोर येतात. मी पहिली संध्याकाळ अशीच वाया घालवली. त्याऐवजी नावाची आद्याक्षरे आडनावाला जोडून अवतरणचिन्हांत टाकावीत, मतदारसंघाचे नाव सोबत द्यावे आणि काळ १८५६ ते १८६६ एवढाच निवडावा. छापील पानाचे अक्षरांत रूपांतर यंत्राने केलेले असते, त्यामुळे झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईत इंग्रजी ‘एन’चा ‘यू’ झालेला असतो. म्हणून चुकीचे रूप मुद्दाम टाकूनही एकदा शोधावे, कारण इतरांच्या नजरेतून निसटलेली बातमी बऱ्याचदा तिथेच सापडते.

बातमी सापडली की ती कोणी छापली हे पाहावे. त्या वर्षांत ‘आर्गस’ मालकवर्गाकडे झुकलेला होता, तर ‘एज’ कामगारांच्या बाजूचा होता. एकाच सभेचे दोघांचे वृत्तांत शेजारी ठेवून वाचले की एकाकडचा ‘गोंधळ’ दुसऱ्याकडे ‘टाळ्या’ झालेला दिसतो. विधिमंडळाच्या कामकाजाचा अधिकृत वृत्तांत १८६६ पासून पुढचा आहे. त्यामुळे डॉनच्या भाषणांसाठी वृत्तपत्रांवरच भिस्त ठेवावी लागते आणि म्हणून ही तुलना टाळता येत नाही.

त्याच्याविषयीची सर्वांत आवडती कथा अशी की तो दिवसा संसदभवनाचे दगड घडवी आणि रात्री त्याच भवनात बसून कायदे करी. चित्र इतके देखणे आहे की चरित्रकाराला ते पहिल्याच पानावर ठेवण्याचा मोह होतो. तसे करण्यापूर्वी ते इमारतीच्या इतिहासाशी ताडून पाहावे. मेलबर्नच्या संसदभवनातील दोन्ही सभागृहे १८५६ साली वापरात आली, ग्रंथालय १८६० साली पुरे झाले आणि त्यानंतर मोठे बांधकाम पुन्हा सुरू व्हायला १८७० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. घुमट तर आजतागायत बांधला गेलेला नाही. म्हणजे डॉन आमदार असताना त्या इमारतीवर टाकी चालली असेल, तर ती मुख्यतः पहिल्या वर्षा-दीड वर्षात, ग्रंथालयाच्या कामावर. बाकीच्या वर्षांत तो दगड घडवत असला तरी तो दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीचा असणार. कथा खोटी ठरत नाही, पण तिची रुंदी कमी होते. चरित्रात ती तेवढ्याच रुंदीने यावी.

हीच कथा तपासण्याची आणखी बारीक रीत आहे आणि ती मला अधिक आवडते. वृत्तपत्रांतल्या विधानसभेच्या प्रत्येक वृत्तांताच्या आरंभी अध्यक्ष किती वाजता आसनस्थ झाले हे एका वाक्यात छापलेले असते. सहसा ती वेळ साडेचारच्या आसपासची असते आणि बैठक रात्री उशिरापर्यंत चालते. वृत्तांतात मतविभागणी झाली असेल, तर बाजूने व विरुद्ध मत देणाऱ्यांची नावेही छापलेली असतात. आता एका अधिवेशनाच्या सगळ्या मतविभागण्या वहीत उतरवाव्यात, त्या संध्याकाळी लवकर झाल्या की रात्री उशिरा हे वादाच्या क्रमावरून ठरवावे आणि डॉनचे नाव कोणत्या यादीत आहे, कोणत्या यादीत नाही हे पाहावे. संध्याकाळच्या पहिल्या मतदानांत तो वारंवार गैरहजर आणि रात्रीच्या मतदानांत हजर दिसला, तर तो कामावरून येत होता या म्हणण्याला बळ मिळेल. उलट दिसले तर त्याचे पोट दुसऱ्या कोणाच्या वर्गणीवर चालले होते का, हा प्रश्न उभा राहील आणि कामगार संस्थांच्या सभांच्या बातम्या त्या दृष्टीने पुन्हा वाचाव्या लागतील. काम कंटाळवाणे आहे, पण चौथा रकाना भरतो तो अशाच कामाने.

आठ तासांच्या चळवळीची पार्श्वभूमी येथेच मांडावी, कारण तिच्याशिवाय दिवसा काम आणि रात्री सभागृह हे वेळापत्रक कल्पनेतही बसत नाही. २१ एप्रिल १८५६ रोजी मेलबर्न विद्यापीठाच्या बांधकामावरील पाथरवटांनी हत्यारे खाली ठेवली आणि ते मोर्चाने संसदभवनाच्या कामापर्यंत गेले. बांधकामाच्या धंद्यात त्यांनी मजुरी कमी न होऊ देता आठ तासांचा दिवस मिळवला. जेम्स स्टीफन्स आणि जेम्स गॅलोवे हे त्यातले पुढारी, आणि दोघेही दगडकाम करणारेच. याच्या चौतीस वर्षांनी, १८९० साली, मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने रविवारची सुट्टी मिळाली. लोखंडे मराठी वाचकाला ठाऊक असतात, म्हणून हा संदर्भ एका ओळीत द्यायला हरकत नाही, पण तुलना ताणू नये. सोन्याच्या शोधाने माणसांची चणचण असलेल्या वसाहतीत कुशल कारागीर अडून बसू शकत होता. मुंबईच्या गिरणीदारांवर तशी पाळी नव्हती.

वृत्तपत्रांनंतर दप्तरखाना. व्हिक्टोरियाच्या सार्वजनिक अभिलेखागारात १८५२ नंतर स्वखर्चाने आलेल्या प्रवाशांच्या जहाजयाद्यांची सूची ऑनलाइन आहे. त्यातले वय आणि धंदा विश्वासाने घेऊ नयेत, कारण कारकुनाने ऐकले तसे लिहिलेले असते. पालिकेच्या घरपट्टीच्या वह्या मात्र सोन्याच्या खाणी आहेत. तेथे भोगवटादार कोण, मालक कोण, घर लाकडाचे की विटांचे की दगडाचे, खोल्या किती आणि वार्षिक मूल्य किती हे एका ओळीत मांडलेले असते. दुसऱ्यांची घरे दगडात बांधणारा स्वतः भाड्याच्या लाकडी घरात राहत होता काय, हे ती एक ओळ सांगते, आणि सलग पाच-सात वर्षांच्या ओळी जमवल्या की चढ-उतारही दिसतो.

मृत्यूचा दाखला अवश्य मागवावा. व्हिक्टोरियात जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८५३ साली सुरू झाली आणि तिथले दाखले फार सविस्तर असतात. आईवडिलांची नावे, बापाचा धंदा, वसाहतीत किती वर्षे वास्तव्य झाले, लग्न कोठे झाले, मुले किती व कोणत्या वयाची, एवढे सगळे एका आडव्या ओळीत मिळते. मृत्यूच्या कारणाचा रकाना पाथरवटाच्या बाबतीत विशेष काळजीने वाचावा. दगडाची धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसांत साचून होणारा आजार त्या काळी बऱ्याचदा ‘क्षय’ म्हणून नोंदला जाई. मात्र दाखल्यावरील एका शब्दावरून ‘दगडानेच त्याचा बळी घेतला’ असे लिहून मोकळे होऊ नये, कारण क्षयाने विणकरही मरत असत आणि डॉन आधी विणकर होता.

भाषांतराच्या दोन खोड्या आहेत. नोंदींतला ‘मेसन’ हा इंग्रजी शब्द दगड घडवणाऱ्यालाही लागतो आणि तो भिंतीत बसवणाऱ्यालाही. मराठीत पाथरवट आणि गवंडी हे दोन निराळे कारागीर आहेत, म्हणून कोणता शब्द वापरायचा हे कामाचे वर्णन पाहून ठरवावे. दुसरी खोडी ‘बिल्डर’ची. वसाहतीच्या वृत्तपत्रांत तो छोटी-मोठी कंत्राटे घेणारा, बहुधा स्वतः हत्यार चालवलेला माणूस असतो, तर आपल्याकडे तो शब्द ऐकताच सदनिकांच्या जाहिराती डोळ्यांपुढे येतात. तेथे ‘बांधकाम कंत्राटदार’ लिहावे. विधानसभा आणि विधानपरिषद हे शब्द मात्र जसेच्या तसे चालतात. फक्त तिथल्या परिषदेत सभासद आणि मतदार दोघांनाही मालमत्तेची अट होती, हे एकदा सांगून ठेवावे, म्हणजे खालच्या सभागृहात मंजूर झालेले जमीनविषयक विधेयक वरच्या सभागृहात का अडले हे वाचकाला कळेल.

जमिनीचा विषय निघाला की चरित्रकाराची खरी कसोटी लागते. डॉन ज्या चळवळीत होता तिची मागणी अशी होती की मोठ्या मेंढपाळांच्या ताब्यातली कुरणे सामान्य माणसाला शेतीसाठी खुली करावीत. ऑगस्ट १८६० मध्ये या प्रश्नावरून संसदभवनापुढे जमाव जमला आणि दगडफेक झाली. १८६० व १८६२ साली जमिनीचे कायदे झाले. ही न्यायाची मागणी होती, यात शंका नाही. पण ज्या जमिनीवरून मेंढपाळ आणि कारागीर भांडत होते ती मुळात कुलिन व इतर आदिवासी लोकांची होती. डॉन आमदार असतानाच, १८६३ साली, त्यांच्यातले विस्थापित लोक मेलबर्नच्या पूर्वेला कोरँडर्क येथे वसले. त्या काळातले भाषण उतरवताना ‘लोकांची जमीन’ हे शब्द आले, तर त्या लोकांत कोण धरले होते आणि कोण नव्हते हे त्याच परिच्छेदात लिहावे. शेवटी एक स्वतंत्र प्रकरण करून त्यात हे उरकून टाकण्याची पद्धत मला पटत नाही.

लिहायला बसल्यावर एक दगड जवळ ठेवावा असे मी म्हणेन, आणि हे गंमत म्हणून नाही. मेलबर्नचा निळा दगड हा बेसाल्ट आहे, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या दगडाचाच भाऊ. त्याला टाकी लावणाऱ्या माणसाशेजारी अर्धा तास उभे राहिले, तर कपची कशी उडते, किती घावांनंतर एक कड सरळ होते आणि त्याचा हात कधी थांबतो हे पाहता येते. मग असे आठ तास भरून पुढे रात्री जमीनविधेयकाच्या कलमांवर बोलणे कसे असेल, हे विशेषणांशिवाय लिहिता येते. १८६४ ते १८६६ ही शेवटची दोन वर्षे वृत्तपत्रांत फार विरळ सापडतील. ती भाषणांनी फुगवू नयेत. घरपट्टीची वही, दाखला आणि निधनाची बातमी यांतून जेवढे निघेल तेवढे लिहावे, आणि चौथा रकाना तिथे रिकामा राहिला तर तो रिकामाच छापावा.