'सालीवर, आंबा'

हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पती-बुरशींच्या संग्रहाच्या, नोंदी संगणकावर चढवायचं काम मिळालं तेव्हा वाटलं, टायपिंगच तर आहे. तिसऱ्याच दिवशी एका पाकिटाशी अडकलो. आत सालीच्या तुकड्यावर वाळलेली करडी-पांढरी बुरशी, स्किझोफायलम कम्यून. वर शाईत एवढंच: 'सालीवर, आंबा'.

आता हा आंबा म्हणजे झाड, की रत्नागिरी रस्त्यावरचं, शाहूवाडी तालुक्यातलं आंबा गाव? मी बिनधास्त 'आंब्याचं झाड' भरून मोकळा झालो. पुढे गोळा करणाऱ्याची वही हाती लागली, तर मागचे-पुढचे सगळे क्रमांक आंबा घाटातले. गाव ठरलं, झाडाचा रकाना खोडून रिकामा ठेवावा लागला.

तेव्हापासून लेबलावरचा मजकूर चुकीसकट एका रकान्यात उतरवतो आणि मला लागलेला अर्थ दुसऱ्यात. बुरशीचं शास्त्रीय नाव बदललं तरी जुनी चिठ्ठी फाडायची नाही. नवी चिठ्ठी स्वतःच्या नावानं, तारखेनिशी शेजारी लावायची. आजचं मान्य नाव इंडेक्स फंगोरम किंवा मायकोबँक या बुरशींच्या नावांच्या ऑनलाइन सूचींवर मिळतं.

ही बुरशी नवख्यांनी भिंगाखाली बघावीच. खालच्या पट्ट्या उभ्या चिरलेल्या असतात. वाळली की कडा आत वळतात, पाण्याचा थेंब टाकला की हळूहळू उघडतात. बंद नळीत ठेवलेले वाळके नमुने ५० वर्षांनंतरही पुन्हा जागे झाल्याची नोंद आहे! त्यामुळे जुलैच्या ओलीत पाकीट उघडं टाकून चहाला जाऊ नका. (मी गेलोय. बोलणी खाल्ली.)

जंगलात गेलात तर नुसत्या सालीवरून झाड ओळखायच्या भानगडीत पडू नका, पानांसकट डहाळी दाबून आणा. खोड उभं होतं की पडलेलं, तेही लिहा. अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते, ती महिनाभर आधीच मागायला घ्या. नमुना कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकमध्ये घाम सुटून संध्याकाळपर्यंत लिबलिबीत होतो. वाळवताना साधारण ४० अंशांवर, भाजायचा नाही. कायमचा ठेवायचा असेल तर पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशींसाठीच अजरेकर हर्बेरियम आहे; शोधनिबंधात त्याचा संकेत 'एएमएच' दिसेल.

आणि गगनबावड्याच्या पावसात जेल पेन नेऊ नका. लेबल शिसपेन्सिलीनं लिहायचं, तिथेच, झाडाखाली उभं राहून.