'मिटिगेट म्हणजे कमी करणे': इथेच घोडं पेंड खातं

जीआरईच्या, म्हणजे परदेशी उच्चशिक्षणासाठीच्या प्रवेशपरीक्षेच्या, तयारीला बसलं की कुणीतरी सीनिअर एक जाडजूड झेरॉक्स हातात ठेवतो. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे दोन शब्दांत अर्थ. थँक्यू म्हणा आणि मागच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवा. ऑगस्ट २०११ मध्ये परीक्षेचा साचा बदलला, तेव्हाच सुटे विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनालॉजी (शब्दजोड्यांतलं नातं ओळखणं) हे दोन्ही प्रकार गेले. आता शब्द विचारतात तो वाक्यात. याद्या मात्र फिरतायतच.

पण जुनेपणा हा यादीचा खरा दोष नव्हे. 'मिटिगेट' घ्या. यादी म्हणते, कमी करणे. मराठीत आपण वजन कमी करतो, किंमत, आवाज, वेदना, भीती, धोका, सगळंच कमी करतो. इंग्रजीत यातला मुख्यतः धोकाच मिटिगेटच्या वाट्याला येतो. त्याच्या जोडीला नुकसान, दुष्परिणाम अशी मंडळी. वजन 'लूज' करतात, किंमत 'कट', आवाज 'लोअर', वेदना 'अ‍ॅलिव्हिएट', भीती 'अले'. वादळ तर आपलं आपणच 'अबेट' होतं. अर्थ पाठ असूनही 'मिटिगेट द प्राइस' लिहिलं जातं ते यामुळे. आणि 'मिटिगेट अगेन्स्ट' तर पूर्णच चूक. तिथे हवा असतो 'मिलिटेट', म्हणजे आड येणे, वेगळाच शब्द.

हे विचित्र वाटत असेल तर आपल्याकडे बघा. पूर ओसरतो, ताप उतरतो, राग शमतो, भूक भागते. 'पूर भागला' म्हटलं तर पोरंसुद्धा हसतील. हा शेजार मराठीत आपल्याला घरबसल्या मिळाला. इंग्रजीत तो एकेका शब्दासाठी गोळा करावा लागतो, आणि शब्द शिकणं म्हणजे मुख्यतः तेवढंच.

परीक्षेत फटका बसतो तो सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये. एक रिकामी जागा, सहा पर्याय, निवडायचे दोन, आणि दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच निघायला हवा. एक बरोबर आणि एक चूक असेल तर अर्धा गुण नाही, शून्य. यादीवाले पर्यायांत समानार्थी जोडी हुडकतात आणि खूण करून मोकळे होतात. जोडी खरीच असते, पण त्या वाक्यात बसत नाही.

मग व्याख्या कुठून घ्यायची? लर्नर्स डिक्शनरीतून, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या कोशातून. ऑक्सफर्डच्या अशा कोशाचं मूळ जपानमध्ये १९४२ साली निघालेल्या हॉर्नबी यांच्या कोशात आहे. लाँगमननं १९७८ मध्ये सुमारे २,००० सोप्या शब्दांतच व्याख्या बसवल्या. कॉलिन्सच्या कोबिल्ड कोशानं १९८७ मध्ये व्याख्याच पूर्ण वाक्यात दिली, त्यामुळे कोण काय कशाला करतं ते तिथेच कळतं. माझा कौल कोबिल्डला. तिन्ही ऑनलाइन फुकट आहेत, तेव्हा क्लासच्या पुस्तकावर पैसे घालवू नका.

व्याख्येशेजारची बारीक टीप सोडू नका: 'फॉर्मल', 'डिसअप्रूव्हिंग'. 'नाईव्ह' म्हणजे भोळा खरं, पण आपला शंकरही भोळाच आहे आणि त्यात कौतुक आहे. 'नाईव्ह'मध्ये बहुधा टीका असते. 'कॉम्प्लेसंट' समाधानी नव्हे, गाफील. 'फ्रुगल' काटकसरी, 'स्टिंजी' चिक्कू.

आता प्रत्येक शब्दाचं उजळणीसाठी एक कार्ड करा. पुढच्या बाजूला कोशातलं उदाहरण, शब्दाच्या जागी रेघ आणि पहिलं अक्षर. मागे शब्द, स्वतःच्या सोप्या इंग्रजीत एका ओळीची व्याख्या, लागत असेल ते प्रिपोझिशन आणि शेजारी येणारी तीन नामं. मराठी अर्थ कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलात तर काही बिघडत नाही, उगाच अपराधी वाटून घेऊ नका.

मग स्वतःचं एक वाक्य. इथे बहुतेकांची मेहनत वाया जाते. 'द गव्हर्नमेंट ट्राइड टू मिटिगेट द प्रॉब्लेम' या वाक्यात 'सॉल्व्ह' घातलं तरी चालतं, म्हणजे वाक्य पोकळ. त्याऐवजी: 'मँग्रोव्ह्ज वोंट स्टॉप द फ्लड, बट दे विल मिटिगेट द डॅमेज'. थांबणार नाही, पण झळ कमी बसेल. अर्थ वाक्यानंच सांगितला. शब्द झाका आणि मित्राला ओळखायला सांगा. त्याला जवळपासचंही काही सुचलं नाही तर वाक्य पुन्हा लिहा.

रोज सहा शब्द. उजळणी पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. तीन आठवड्यांनी रोजची २४ कार्डं होतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम. रोज ३० शब्द घेतलेत तर आठवड्यातच ९० कार्डं साचतात, पुढे १२०, आणि डबा माळ्यावर जातो. सहाच्या वेगानं चार महिन्यांत सातशेच्या आसपास शब्द होतात. कमी वाटतात, पण ते वापरता येणारे सातशे असतात. '३० दिवसांत ३,००० शब्द' म्हणणाऱ्या सरांना त्यातल्या कुठल्याही दहांची वाक्यं करायला सांगा.

धातू आणि उपसर्ग कामाचे आहेत, पण आंधळेपणानं नकोत. 'इनफ्लेमेबल' म्हणजे पेट घेणारं. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे, अमूल्य. आपल्या 'अमूल्य'मधला 'अ'सुद्धा तसाच फसवा आहे.

सारखे दिसणारे शब्द एकाच दिवशी घेऊ नका, दोन्ही एकमेकांत कालवले जातात. 'इनजिनियस' म्हणजे कल्पक, तो एकविसाव्या दिवशीही न अडखळता आठवला की मगच 'इनजेन्युअस'ला, म्हणजे निष्कपटाला, हात लावा.