कुत्रा आहे, मग काळजी कशाला? घराच्या राखणीत या चुका टाळा

मुंबईच्या फ्लॅटमधला पाळीव कुत्रा राखणीचं एक काम खात्रीने करू शकतो: कोणीतरी आलंय हे सांगण्याचं. आलेल्याला अडवणं हे दाराचं आणि कुलपाचं काम, आणि भुंकणं ऐकून उठणं हे माणसाचं. ही दोन्ही कामं कुत्र्यावर सोपवली की घरही उघडं पडतं आणि त्या मुक्या जिवालाही धोका होतो. नेहमी दिसणाऱ्या चुका आणि त्यावरचे उपाय खाली दिले आहेत.

कुत्रा आहे म्हणून दार कच्चं ठेवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. कुत्रा भुंकतो म्हणून संध्याकाळी लाकडी दार उघडं आणि फक्त सेफ्टी डोअर ओढलेलं, त्याची कडी जाळीतून हात घालून निघेल अशी. दुपारी बाहेर जाताना नुसतं लॅच ओढून निघायचं. लॅचची जीभ स्प्रिंगवर असते. किल्ली फिरवून ती पक्की केली नाही, तर चौकटीच्या फटीतून प्लॅस्टिकची कडक पट्टी सरकवून ती मागे ढकलता येते. म्हणून दहा मिनिटांसाठी खाली जातानाही किल्ली पूर्ण फिरवा.

बंद घर फोडताना चोर बहुतेक वेळा कुलूप फोडत बसत नाही, कोयंडाच उचकटतो. कोयंड्यासोबत मिळणारे स्क्रू अर्ध्या-पाऊण इंचाचे असतात आणि पावसाळ्यात फुगून वाळलेल्या लाकडात त्यांची पकड उरत नाही. सुताराला बोलावून कोयंडा आरपार नट-बोल्टने बसवून घ्या, नट आतल्या बाजूला. चौकटीतल्या पट्टीला अडीच ते तीन इंचाचे स्क्रू लावा. बिजागऱ्यांचे स्क्रूही त्याच वेळी तपासा. सेफ्टी डोअरच्या कडीभोवती आतून पत्रा मारला की हात पोहोचत नाही. हे सगळं काम अर्ध्या दिवसात होतं.

दुसरी वाट खिडकीची. कुत्र्याला वारा लागावा म्हणून किचनची किंवा बाथरूमची खिडकी उघडी ठेवून लोक ऑफिसला जातात. ड्रेनेजचे पाइप, एसीच्या बाहेरच्या युनिटची ब्रॅकेट आणि डक्ट यांवरून वरच्या मजल्यांपर्यंतही चढता येतं, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांनीही गाफील राहू नये. वारा हवाच, म्हणून खिडकीला ग्रिल लावा आणि दोन गजांमधलं अंतर चार इंचांहून जास्त ठेवू नका. सरकत्या खिडकीच्या रुळात स्टॉपर बसवला की ती तेवढीच उघडते.

घर नेमकं कधी रिकामं असतं याचा विचार न करणं

मे महिन्यात गावी आणि गणपतीत कोकणात जाताना कुत्रा गाडीत बसतो किंवा बोर्डिंगला जातो. म्हणजे घर सगळ्यात जास्त दिवस बंद असतं, नेमका तेव्हा राखणदार घरात नसतो. आणि रोज भुंकणारा आवाज अचानक थांबला, की घरात कोणी नाही हे अख्ख्या मजल्याला कळतं. या दिवसांचा बंदोबस्त कुत्रा नाहीच असं धरून करा. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, पेपर आणि दूध बंद करा, शेजाऱ्यांना परतायची तारीख सांगा आणि संध्याकाळी एक दिवा टायमरवर लागू द्या.

दिवाळीचे फटाके, विसर्जनाचे ढोल आणि पावसाळ्यातला गडगडाट यांचंही तसंच. आवाजाला घाबरणारा कुत्रा त्या रात्री पलंगाखाली थरथरत असतो. त्याच्याकडून राखणीची अपेक्षा करू नका, त्याला आतल्या खोलीत पंखा किंवा टीव्ही लावून शांत ठेवा.

तो खरंच भुंकतो का, हे न तपासणं

मालक घरात असताना बेल वाजली की भुंकणारा कुत्रा एकटा असताना गप्प पडून राहू शकतो. धीर त्याला तुमच्या असण्याने येत असतो. हे तपासणं सोपं आहे. जुना मोबाइल हॉलमध्ये रेकॉर्डिंगवर ठेवा आणि दोन तास बाहेर जा. वॉचमनला आणि शेजाऱ्यांना आधी सांगून, कुत्र्याने कधी न पाहिलेल्या ओळखीच्या माणसाला दाराशी पाठवा. त्याने बेल वाजवावी, थोडं थांबून बाहेरची कडी हलवावी. दार मात्र कुलूपबंदच राहू द्या, त्याला आत शिरायला लावू नका. वेगवेगळ्या दिवशी, दुपारी आणि रात्री असं दोन-तीनदा करून पाहा.

निकालाचा राग कुत्र्यावर काढू नका. लॅब्रेडोर, गोल्डन रिट्रीव्हर, बीगल ही कुत्री मुळात माणसांत रमणारी आहेत. स्पिट्झ आणि आपली देशी कुत्री आवाजाला जास्त जागी असतात. पिल्लू साधारण सहा महिन्यांनंतर घराची हद्द ओळखून भुंकायला लागतं, आणि म्हातारपणी ऐकू कमी येतं. नऊ-दहा वर्षांचा कुत्रा बेलला उठेनासा झाला तर आळशी झाला असं समजू नका, कान तपासून घ्या.

प्रत्येक आवाजावर भुंकू देणं

लिफ्टचं दार, कचरा न्यायला येणारा, वरच्या मजल्यावरची खुर्ची, या सगळ्यांवर जो भुंकतो त्याच्या भुंकण्याला घरातलेच लोक किंमत देत नाहीत. ‘लांडगा आला रे’सारखं होतं, आणि ज्या रात्री खरंच कोणी ग्रिलशी खुडबुड करतं त्या रात्री तुम्ही कूस बदलून झोपता. भुंकणं पूर्ण बंद करायचं नाही, ते थांबवता येईल असं करायचं.

घरातल्या कोणाला तरी बेल वाजवायला सांगा. दोन-तीनदा भुंकू द्या, मग शांत आवाजात एकदाच ‘बस’ म्हणा आणि चण्याएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा नाकासमोर धरा. हुंगायला लागला की भुंकणं थांबतं. दोन सेकंद गप्प राहिला की तुकडा द्या. ही शांतता हळूहळू पाच, मग दहा सेकंदांपर्यंत न्या. सराव पाच मिनिटांचा, दिवसातून दोनदा पुरतो. घरातल्या सगळ्यांनी शब्द एकच वापरायचा. इथेच बहुतेकांचं अडतं: आई ‘चूप’ म्हणते, मुलं ‘नो’ म्हणतात आणि आजोबा ओरडतात. ओरडण्याने तो आणखी चेकाळतो.

लिफ्टच्या आवाजासाठी तोच आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि जेवण देताना अगदी हळू लावा. तो दुर्लक्ष करायला लागला तरच दुसऱ्या दिवशी थोडा वाढवा. रात्री गल्लीतल्या कुत्र्यांना उत्तर देत असेल, तर रस्त्याकडची खिडकी लावून घ्या, जाड पडदा ओढा आणि शेवटचा फेरा दहानंतर मारा.

एवढं झालं की ‘बस’ म्हणूनही न थांबणारं भुंकणं दखल घेण्याजोगं ठरतं. उठा, दिवा लावा, पीपहोलमधून बघा. दार उघडू नका. संशय आला तर 112 वर फोन करा.

झोपायची जागा चुकणं

एसी लावलेल्या बंद बेडरूममध्ये झोपलेल्या कुत्र्याला किचनच्या खिडकीचा बारीक आवाज येईलच असं नाही. त्याचं अंथरूण पॅसेजमध्ये, मुख्य दार आणि किचन दोन्हीकडचं ऐकू येईल तिथे टाका. बाल्कनीत मुळीच नको. तिथून तो रस्त्यावर भुंकतो, दारापर्यंत पोहोचू शकत नाही आणि मुंबईच्या दमट उकाड्यात उष्माघाताचा धोका असतो. सतत बांधून ठेवू नका. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर 1960च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम 11 खाली तो गुन्हा आहे.

मुद्दाम चावरा करणं

फ्लॅटमध्ये कुत्र्याला ‘अटॅक’ शिकवणं धोक्याचं आहे. चोर कोण आणि सिलिंडरवाला कोण हे त्याला कळत नाही. लिफ्टमधलं शेजाऱ्यांचं मूल तर अजिबात कळत नाही. प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘कुत्र्यापासून सावध’ ही पाटी लावली म्हणून जबाबदारी संपत नाही. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस वेळेवर ठेवा. चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

अलार्म कुत्र्याचा विचार न करता बसवणं

साधा मोशन सेन्सर हलणारं गरम शरीर ओळखतो, त्यामुळे कुत्रा उठला की सायरन वाजतो आणि चौथ्या दिवशी घरचेच तो बंद करून टाकतात. ‘पेट इम्युन’, म्हणजे पाळीव प्राण्याच्या हालचालीने न वाजणारा सेन्सर घ्या आणि खोक्यावरची वजनमर्यादा बघा. मर्यादा 25 किलोपर्यंतची असेल आणि तुमचा लॅब्रेडोर 32 किलोचा, तर उपयोग नाही. सेन्सर जमिनीपासून सात ते साडेसात फुटांवर बसवा आणि त्याच्या टप्प्यात सोफा येऊ देऊ नका. सोफ्यावर उडी मारलेला कुत्रा त्याला माणूस वाटतो.

दारासाठी चुंबकाचा सेन्सर जास्त भरवशाचा, कारण कुत्र्याच्या हालचालीशी त्याचा संबंध नसतो. तो लोखंडी सेफ्टी डोअरवर लावला तर लोखंडामुळे चुंबकाची ओढ कमी पडते, म्हणून आतल्या लाकडी दारावर लावा. सायरन हॉलमध्ये नको, घराबाहेरच्या पॅसेजमध्ये असू द्या. कुत्र्याचे कान आपल्याहून खूप तीक्ष्ण असतात. जुन्या इमारतींत मीटर तळमजल्यावर उघडे असतात आणि मेन स्विच पाडला की वायफाय आणि कॅमेरा दोन्ही जातात, त्यामुळे राउटर आणि कॅमेऱ्याला छोटा यूपीएस लावा.

किल्ली आणि बिस्किटं वाटणं

फिरवायला येणाऱ्या मुलाला कुत्रा घरच्यासारखा ओळखतो. तो मुलगा कोणत्याही वेळी आला तरी कुत्रा भुंकणार नाही. शक्यतो कोणी घरी असेल तेव्हाच फिरवायला बोलवा, त्याची नोंद पोलीस ठाण्यात करा आणि काम सोडून गेल्यावर लॉक बदला.

कंपाउंडमध्ये जो तो बिस्किट देतो, त्यामुळे कुत्रा अनोळखी हातातलंही खायला शिकतो. ‘घे’ म्हटल्याशिवाय खायचं नाही हे शिकवा: मूठ बंद ठेवा, त्याने नाक मागे घेतलं की ‘घे’ म्हणून द्या, मग हाच सराव जमिनीवर ठेवलेल्या तुकड्यावर करा. तरीही यावर पूर्ण विसंबू नका. उंदरांसाठी ठेवलेलं औषधही सोसायटीच्या कोपऱ्यांत पडलेलं असतं.

लाळ गळणं, थरथर, झोकांड्या किंवा हिरड्यांतून रक्त अशी विषबाधेची लक्षणं दिसली, तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, त्याने जीव जाऊ शकतो. खाल्लेल्या वस्तूचं वेष्टन किंवा उरलेला तुकडा पिशवीत घालून लगेच डॉक्टरकडे न्या. परळचं बैलघोडा हॉस्पिटल आणि घराजवळचा रात्री उघडा असणारा दवाखाना, दोन्हींचे नंबर आजच फ्रिजवर लावून ठेवा.