जन्मपत्रिका हाताने कशी मांडावी : कोल्हापूरच्या एका जन्मवेळेवरून

घरात बाळ जन्मलं की आठवड्याच्या आत कुणीतरी मोबाईलवर पत्रिका काढून पाठवतं. तारीख, वेळ, गाव भरलं की अर्ध्या मिनिटात बारा घरांची चौकट तयार होते. ती बरोबर आहे का, हे मात्र कुणी तपासत नाही. पंचवीस वर्षांनी त्याच कागदावर स्थळं परत जातात, मुलीला मंगळ आहे म्हणून आईबापांची झोप उडते. म्हणून माझं सांगणं असतं की आपल्या घरातली पत्रिका निदान एकदा तरी स्वतःच्या हाताने मांडा. पाढे आणि बेरीज-वजाबाकी येत असली तरी एवढं जमतं. लागतं ते पंचांग, लग्नसारणी (उगवती रास काढायचा तक्ता), कागद-पेन्सिल आणि निवांत दोन तास.

पत्रिका म्हणजे मुळात काय, एवढं आधी पक्कं करू. जन्माच्या क्षणी, जन्माच्या गावाहून पाहिलं तर पूर्व क्षितिजावर कोणती रास उगवत होती आणि रवी, चंद्र, बाकीचे ग्रह कोणत्या राशींत होते, याची ती नोंद आहे. उगवत्या राशीला लग्न म्हणतात. इथपर्यंत सगळं गणित आहे आणि ते चूक की बरोबर हे तपासता येतं. त्यावरून आयुष्याचं भविष्य सांगणं हा परंपरेचा भाग. त्याला गणितासारखा पुरावा नाही. हे दोन भाग वेगळे ठेवले की पत्रिका बघताना डोकं शांत राहतं.

उदाहरण म्हणून एक काल्पनिक बाळ घेऊ : जन्म १ जानेवारी २०००, शनिवार, सकाळी १० वाजता, कोल्हापूर. बाळ काल्पनिक असलं तरी त्या सकाळचं आकाश खरं आहे.

आधी वेळ

सगळ्यात जास्त कष्ट इथे घ्या. जन्मदाखल्यावर तारीख मिळते, वेळ सहसा मिळत नाही. ती दवाखान्याच्या कागदांवर असते, डिस्चार्ज कार्डावर किंवा बाळाच्या फाईलमध्ये. तो कागद सापडला तर त्याचा फोटो काढून ठेवा. घरच्यांनी सांगितलेली वेळ बहुतेकदा पूर्णांकात असते : दहा, साडेदहा, पावणेअकरा. अशी वेळ दिसली की समजायचं, यात पाच-दहा मिनिटांचा सैलपणा आहे.

आजी-आजोबांच्या जुन्या टिपणात तास-मिनिटं नसतातच, सूर्योदयापासूनच्या घटी-पळं असतात. एक घटी म्हणजे २४ मिनिटं, एक पळ म्हणजे २४ सेकंद. आपल्या बाळाच्या दिवशी कोल्हापूरचा सूर्योदय सात वाजून दोन मिनिटांच्या आसपास. तिथून दहापर्यंत १७८ मिनिटं होतात, म्हणजे ७ घटी २५ पळं. जुना कागद हाती आला तर हेच उलट करायचं : घटी-पळांची मिनिटं करून त्या दिवशीच्या सूर्योदयात मिळवायची.

आणखी दोन खाचखळगे आहेत. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, रात्री बाराला नाही. मंगळवारी पहाटे तीनला जन्मलेलं मूल पंचांगाच्या हिशेबात सोमवारचं, पण गणिताला तारीख मंगळवारचीच घ्यायची. आणि घरात कुणाचा जन्म सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळातला असेल तर लक्षात ठेवा : महायुद्धामुळे तेव्हा देशातली घड्याळं एक तास पुढे केलेली होती. वेळ त्या घड्याळाची असेल तर एक तास वजा केल्याशिवाय लग्न जुळणार नाही.

घड्याळाची वेळ आणि कोल्हापूरची वेळ

आपली प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला रेखांशाची आहे (६० कलांचा एक अंश). कोल्हापूर साधारण ७४ अंश १४ कलांवर, म्हणजे त्याच्या पश्चिमेला ८ अंश १६ कला. एका अंशाला ४ मिनिटं या हिशेबाने ३३ मिनिटं ४ सेकंद. घड्याळात दहा वाजतात तेव्हा कोल्हापूरची स्वतःची वेळ ९ वाजून २६ मिनिटं ५६ सेकंद असते.

ही वजाबाकी सोडून दिली तर आपल्या उदाहरणात लग्न जवळजवळ दहा अंशांनी पुढे सरकतं. इचलकरंजीचा जन्म असेल तर कोल्हापूरचे आकडे वापरायला हरकत नाही, फरक मिनिटभराचाही नाही. मुंबईचे आकडे मात्र वापरू नका. का, ते पुढे दिसेलच.

लग्न काढणं

तारे सूर्यापेक्षा रोज सुमारे ४ मिनिटं लवकर उगवतात. ताऱ्यांच्या या घड्याळाला सांपातिक काल म्हणतात आणि लग्न त्यावरून निघतं. १ जानेवारी २००० च्या मध्यरात्रीचा कोल्हापूरचा सांपातिक काल ६ तास ३९ मिनिटं ३ सेकंद. त्यात स्थानिक वेळेचे ९ तास २६ मिनिटं ५६ सेकंद मिळवा. या साडेनऊ तासांत ताऱ्यांचं घड्याळ आणखी १ मिनिट ३३ सेकंद पुढे जातं, तेही मिळवा. एकूण १६ तास ७ मिनिटं ३२ सेकंद.

आता लग्नसारणी उघडायची. ती अक्षांशानुसार असते. कोल्हापूरचा अक्षांश १६ अंश ४२ कला, म्हणून १६ आणि १७ अंशांच्या रकान्यांमधली किंमत घ्यायची. आपल्या सांपातिक कालाला सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेलं, लग्न येतं कुंभ २५ अंश ३९ कला. आपल्याकडे पत्रिका निरयन पद्धतीने, म्हणजे ताऱ्यांवरून मोजून मांडतात, म्हणून यातून अयनांश, म्हणजे या दोन मोजण्यांतला फरक, वजा करायचे. २००० सालच्या सुरुवातीला चित्रापक्षाचे (चित्रा ताऱ्यावरून मोजायच्या पद्धतीचे) अयनांश २३ अंश ५१ कला होते. उरलं कुंभ १ अंश ४८ कला. सारणी आधीच निरयन असेल तर ही वजाबाकी करू नका. सारणीच्या सुरुवातीच्या पानावर ते लिहिलेलं असतं.

म्हणजे कुंभ रास त्या सकाळी नुकतीच उगवली होती. लग्न राशीच्या पहिल्या किंवा शेवटच्या दोन-तीन अंशांत आलं की पेन्सिल खाली ठेवायची आणि वेळ पुन्हा तपासायची. या बाळाच्या बाबतीत लग्न साधारण साडेतीन मिनिटांत एक अंश पुढे जातंय. जन्म नऊ पन्नासला झाला असता तर लग्न मकर आलं असतं.

आता मुंबईकडे या. तारीख तीच, दहा वाजताची वेळही तीच, फक्त ॲपमध्ये कोल्हापूरऐवजी मुंबई निवडली गेली. बाळंतपण माहेरी कोल्हापुरात आणि घर मुंबईत असलं की हे सर्रास होतं. मुंबई आपल्या पश्चिमेला आहे, तिथली स्थानिक वेळ साडेपाच मिनिटांनी मागे. लग्न येतं मकर, २९ अंशांच्या पुढे. एका चुकीच्या गावाने अख्खी पत्रिका एक घर सरकली.

चौकट आणि ग्रह

महाराष्ट्रात चौकोनी कुंडली काढतात. एक चौकोन काढा, त्याचे दोन्ही कर्ण जोडा, मग चारही बाजूंचे मध्यबिंदू एकमेकांना जोडा. बारा घरं तयार होतात. वरचं मधलं शंकरपाळ्यासारखं घर लग्नाचं, म्हणजे प्रथम स्थान. तिथून डावीकडे, घड्याळाच्या उलट दिशेने मोजत जायचं. घरांच्या जागा पक्क्या असतात, आकडे बदलतात. आकडा राशीचा असतो, घराचा नाही. नवशिक्यांचा गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो. मेष १, वृषभ २ असं करत मीन १२. आपल्या बाळाचं लग्न कुंभ, म्हणून पहिल्या घरात ११, दुसऱ्यात १२, तिसऱ्यात १, असं बाराव्यात १० येईपर्यंत.

ग्रहांच्या राशी पंचांगातून घ्यायच्या. त्या सकाळी रवी आणि बुध धनूत, शुक्र वृश्चिकेत, मंगळ कुंभेत, गुरु आणि शनी दोघेही मेषेत, चंद्र तुळेत, राहू कर्केत, केतू मकरेत. ज्याच्या त्याच्या राशीच्या आकड्याच्या घरात आद्याक्षर लिहा. मंगळ लग्नात पडला, गुरु-शनी तिसऱ्यात, राहू सहाव्यात, चंद्र नवव्यात म्हणजे भाग्यस्थानात, शुक्र दहाव्यात, रवी-बुध अकराव्यात, केतू बाराव्यात.

लगेच एक पडताळा घ्या, एका मिनिटाचं काम आहे. सूर्योदयाच्या सुमाराचा जन्म असेल तर रवी लग्नात किंवा त्याच्या शेजारी हवा, दुपारी दहाव्याच्या आसपास, सूर्यास्ताला सातव्याच्या आणि मध्यरात्री चौथ्याच्या. आपलं बाळ सकाळी दहाचं आणि रवी अकराव्यात, म्हणजे उगवतीहून वर चढून माथ्याकडे निघालेला. जुळलं. दुपारच्या जन्माच्या पत्रिकेत रवी चौथ्या घरात दिसला तर कुणीतरी सकाळ-रात्रीचा घोळ घातलाय हे पंचांग न उघडताही कळतं.

राशीसाठीही रवी भरवशाचा आहे. अंबाबाईचा किरणोत्सव वर्षातून दोनदा, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, इंग्रजी तारखांनाच येतो, तिथीला नाही. मावळत्या सूर्याची किरणं देवळात शिरायला सूर्य दक्षिणेकडे ठरावीक अंतरावर यावा लागतो, आणि हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या साधारण चाळीस दिवस अलीकडे आणि पलीकडे तो तिथे येतो. नोव्हेंबरच्या त्या दिवसांत तो तुळेत असतो, जानेवारीअखेर मकरेत. दरवर्षी त्या तारखेला रास तीच.

चंद्र, नक्षत्र आणि दशा

चंद्र दिवसात सुमारे १२ ते १५ अंश चालतो, म्हणून त्याची नुसती रास पुरत नाही, अंश काढावे लागतात. त्या दिवशी पहाटे साडेपाचला तो तुळेच्या साडेतेरा अंशांजवळ होता आणि चोवीस तासांत जवळपास १२ अंश चालला. साडेपाच ते दहा हे साडेचार तास, म्हणजे सव्वादोन अंश. जन्मवेळी चंद्र तूळ पावणेसोळा अंश.

एक नक्षत्र १३ अंश २० कलांचं, त्याचा चरण म्हणजे पाव भाग ३ अंश २० कलांचा. स्वाती तुळेच्या ६ अंश ४० कलांपासून २० अंशांपर्यंत. बाळाचं नक्षत्र स्वाती, चरण तिसरा. स्वातीची अक्षरं रू, रे, रो, ता. बारशाला अक्षर रो. स्वातीचा स्वामी राहू, त्याची महादशा, म्हणजे त्याच्या अंमलाचा काळ, १८ वर्षांची. नक्षत्राचा जेवढा भाग चालायचा राहिलाय तेवढ्या प्रमाणात दशा शिल्लक, इथे पावणेसहा वर्षांच्या आसपास. त्यानंतर गुरु १६, शनी १९, बुध १७, असा क्रम.

याच जागी दोन पंचांगांत फरक पडू शकतो. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने चित्रापक्ष स्वीकारला, राष्ट्रीय पंचांग त्यावर चालतं आणि सोलापूरचं दाते पंचांगही. टिळक पंचांग रैवत पक्षाचं, म्हणजे रेवतीच्या ताऱ्यावरून मोजणारं, त्याचे अयनांश सुमारे चार अंशांनी कमी. त्या हिशेबाने आपल्या बाळाचा चंद्र स्वातीच्या अगदी शेवटाला, चौथ्या चरणात जातो : अक्षर रो ऐवजी ता, आणि राहूची शिल्लक जेमतेम काही महिन्यांची. दोन्ही गणितं आपापल्या जागी सुसंगत आहेत. लग्न एका पंचांगाचं आणि दशा दुसऱ्याची असं मात्र करायचं नाही.

मंगळाबद्दल

पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानात मंगळ असला की पत्रिकेला मंगळ आहे म्हणतात. बारांपैकी पाच घरं ही झाली, म्हणजे शंभरातल्या चाळीसेक पत्रिका यात बसतात. एवढ्या लोकांच्या संसारावर संकट आहे असं म्हणणं मला पटत नाही. आपल्या उदाहरणातही मंगळ लग्नात आहे. पण वेळ दहा मिनिटं अलीकडची असती, किंवा गाव मुंबई भरलं गेलं असतं, तर लग्न मकर झालं असतं, मंगळ दुसऱ्या घरात गेला असता आणि तीच मुलगी 'मंगळ नसलेली' ठरली असती. तेव्हा कुणी मंगळ सांगितला तर उपाय विचारायच्या आधी लग्नाचे अंश विचारा. अंश राशीच्या काठावर असतील आणि वेळ 'दहाच्या सुमारास' असेल, तर त्या पत्रिकेवरून स्थळ नाकारायचा अधिकार कुणालाही नाही. खर्चाची शांत सांगणाऱ्याने आधी हे गणित वहीत करून दाखवावं, असा आग्रह घरच्यांनी धरायला हवा.

पत्रिका पुरी झाली की तिच्याखाली चार गोष्टी लिहून ठेवा : वेळ कुठून मिळाली (दवाखान्याचा कागद की घरच्यांची आठवण), गावाचे अक्षांश-रेखांश, कोणतं पंचांग आणि किती अयनांश, आणि लग्नाचे अंश-कला. छापील पत्रिकेत यातली एखादी गोष्ट नसेल तर ती काढून देणाऱ्याला विचारून पेनाने भरून घ्या.