पोरगं सारखं बेंचवर बसतंय? कोचशी बोलायच्या आधी वही काढा

"लाडक्यांनाच खेळवतात" हे प्रत्येक ग्राउंडच्या कडेला ऐकू येतं आणि बऱ्याचदा खरंही असतं, पण नुसतं तोंडी म्हटलं की कोच म्हणणार तसं काही नाही, आणि विषय तिथेच संपतो. म्हणून आधी चार-पाच मॅचेस कोण कधी आत गेलं, कधी बाहेर आलं एवढंच लिहा. आणि फक्त आपल्या पोराचं नाही, अख्ख्या टीमचं लिहा.

बास्केटबॉलचंच घ्या. १०-१० मिनिटांचे चार क्वार्टर, कोर्टवर एका वेळी ५ जण, म्हणजे टीमच्या वाट्याला एकूण २०० मिनिटं येतात, १२ पोरांत सारखी वाटली तर प्रत्येकी साधारण १६-१७. आता स्पर्धेच्या टीममध्ये चांगला खेळणारा जास्त खेळणारच, त्यात काही गैर नाही, पण एकाला दर मॅचला ३८ आणि दुसऱ्याला पाच मॅच मिळून ४ असं वहीत दिसलं की बोलायला काहीतरी हातात असतं. (प्रॅक्टिस बुडवली म्हणून बसवलं असेल तर तो भाग वेगळा, ते आधी पोराला विचारून घ्या.)

यातली खरी गोम माझ्या मुलीच्या वेळी कळली. पूर्ण मॅच ती लेस आवळून, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली, शेवटची दोन मिनिटं उरल्यावर आत पाठवली, अंग थंड पडलेलं, पहिलाच पास हातातून निसटला आणि कोच म्हणाले, "बघा, म्हणून घेत नाही हिला." खेळायला मिळत नाही म्हणून खेळ सुधारत नाही, आणि सुधारत नाही म्हणून मिळत नाही. त्यामुळे कोचकडे नुसता वेळ मागू नका, मॅचच्या सुरुवातीला किंवा मध्यावर सलग सात-आठ मिनिटं मागा.

बोलायला मॅचच्या दिवशी जाऊ नका, तेव्हा दोन्हीकडे डोकं तापलेलं असतं. पोराला विचारून जा, कारण उद्या त्या कोचसमोर त्यालाच उभं राहायचंय. "त्याला का घेता?" असं विचारूच नका, दुसऱ्याचं पोरगं मध्ये आणायचं नाही, ते कोचचं स्वतःचं असलं तरी नाही, त्या लेकराची काय चूक? विचारायचं एवढंच, की हिने नेमकं काय सुधारलं तर वेळ वाढेल. "बघू, मेहनत कर" हे काही उत्तर नाही. "डाव्या हाताने ड्रिबल जमू दे" हे उत्तर. तेवढं मिळेपर्यंत उठू नका.

कोच लोकांनीही एक बघावं, कधीकधी लाडका कोणी नसतो, फक्त आधी जन्मलेला असतो. १ जानेवारीची कटऑफ असेल तर जानेवारीतलं आणि डिसेंबरमधलं पोरगं एकाच वयोगटात येतं, बाराव्या वर्षी तो जवळजवळ वर्षाचा फरक उंचीत, ताकदीत सरळ दिसतो आणि आपण त्यालाच टॅलेंट समजून बसतो. कॅनडाच्या आईस हॉकीत संशोधकांनी १९८५ मध्येच हे दाखवून दिलंय. म्हणून ट्रायलला यादीत नावाशेजारी जन्ममहिना लिहा, काय बघून निवडणार ते आधीच बोर्डवर लावा, पोरांना नंबरची बिब द्या, आणि स्वतःचं मूल ट्रायलला असेल तर मार्क दुसऱ्या कोणालातरी द्यायला सांगा. अगदी लहान गटात तर कोण कधी आत जाणार ते मॅचआधीच कागदावर लिहून ठेवा, हरायला लागलो की सगळ्यांचीच नियत डळमळते.

कोचने ऐकलंच नाही तर शाळेकडे लेखी जा, पण अर्ज "माझ्या मुलीला घ्या" असा नको, "टीमची निवड आणि खेळायचा वेळ कशावर ठरतो ते सगळ्या पालकांना कळवा" असा द्या, जमलं तर आणखी दोन-तीन पालकांच्या सह्या घेऊन.

आणि बोलणं झालं की वही बंद करू नका, पुढच्या तीन मॅचेस तशाच लिहा. मिनिटं वाढलेली दिसली तर कोचला आवर्जून भेटून थँक्यू म्हणा, तक्रार घेऊन गेला होतात तसंच.