ओपन वर्ल्ड गेममध्ये बिनकामाचं भटकायचं कसं

हवं तिकडे मोकळं फिरता येणाऱ्या ओपन वर्ल्ड गेममध्ये नकाशाच्या खुणा वाढल्या की समोरच्या डोंगराकडे लक्षच जात नाही, नजर कोपऱ्यातल्या मिनीमॅपवर खिळून राहते. म्हणून आधी तो घालवायचा. ‘विचर ३’मध्ये एचयूडी (खेळताना पडद्यावर दिसणारी माहिती) कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन मिनीमॅप बंद करा. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये एचयूडी ‘प्रो’वर ठेवा. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मध्ये डी-पॅडची (कंट्रोलरवरच्या अधिकच्या खुणेसारख्या बटणाची) खालची बाजू दाबून धरली की रडार, म्हणजे इथला मिनीमॅप, बंद करायचा पर्याय येतो. ‘स्कायरिम’मध्ये जर्नल उघडून चालू क्वेस्टवरची (कामगिरीवरची) खूण काढली की कंपासवरचा बाण जातो. फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून एका झटक्यात दुसरीकडे पोचणं) वापरूच नका, परत येतानाही नाही. ज्या वाटेने गेलात तीच वाट उलट्या बाजूने वेगळी दिसते, आणि जाताना नजरेतून सुटलेलं बरंच काही तेव्हा सापडतं.

मात्र गेम सुरू केल्या केल्या उंडारायला निघू नका. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये सुरुवातीच्या पठारावरची चार श्राइन (कोड्यांची छोटी देवळं) झाल्याशिवाय पठारावरून उतरायला लागणारं पॅराग्लायडर मिळत नाही. ‘रेड डेड २’चा बर्फातला पहिला अध्याय संपेपर्यंत मोकळं सोडतच नाहीत. जुन्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या ‘सॅन अँड्रियास’मध्ये (२००४) पुढचं शहर खुलं होण्याआधी पूल ओलांडला, तर थेट चार स्टार लागून पोलीस अंगावर येतात.

आता दिशा. रावेर-यावलकडच्या माणसाला सातपुडा दिसला की उत्तर दिशा कळते, तसा गेममधला एक डोंगर कायमचा ओळखून ठेवा. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये डेथ माउंटन, ‘स्कायरिम’मध्ये थ्रोट ऑफ द वर्ल्ड, ‘एल्डन रिंग’मध्ये डोंगराऐवजी सोनेरी एर्डट्री. मग उंचावर चढा आणि डोळ्यात भरलेली एक गोष्ट निवडा: धूर, पडका बुरूज, नदीचं वळण. नकाशावर खूण न करता तिकडे निघा. मध्येच दुसरं काही दिसलं तर पहिलं खुशाल सोडून द्या, तिथूनच खरी भटकंती सुरू होते. दर वळणावर मात्र एकदा मागे वळून बघा. मागची बाजू पाहिलेली नसली की येताना हमखास चुकायला होतं. घोडा असेल तर पळवू नका, चालवा. वेगात पायवाटेचे फाटे दिसत नाहीत.

फोनवर ‘माइनक्राफ्ट’ खेळत असाल तर कोऑर्डिनेट (जागा सांगणारे आकडे) बंद ठेवूनही दिशा कळते: सूर्य पूर्वेला उगवतो आणि ढग नेहमी पश्चिमेकडे सरकतात. सोबत पलंग ठेवा. रात्र काढायला तो लागतोच, शिवाय त्यावर झोपलात की मेल्यावर तिथूनच सुरुवात होते. तो पलंग मोडून पुढे नेलात, तर पुन्हा झोपेपर्यंत मेल्यावर जगाच्या सुरुवातीच्या जागी फेकले जाल.

बहुतेकांची भटकंती अडते ती हव्यासापायी. ‘स्कायरिम’मध्ये सुरुवातीला ३०० वजन उचलता येतं, त्यापुढे गेलात की पळता येत नाही. चिलखतं सोडा, दागिने आणि औषधं घ्या. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये पावसात कडा चढताना हात निसटतो. हट्टाने चढत राहिलात तर स्टॅमिना (दम) संपून खाली पडाल. खडकाच्या आडोशाला लाकूड-चकमकीने शेकोटी पेटवा आणि तिच्याजवळ बसून वेळ पुढे ढकला. विजा चमकू लागल्या की धातूची तलवार-ढाल उतरवून ठेवा, कारण वीज धातूकडे ओढली जाते.

आपल्याकडे विजेचा भरवसा नाही, त्यामुळे ऑटोसेव्हवर विसंबू नका. सेव्ह लिहिला जात असतानाच लाइट गेली तर ती फाइल खराब होऊ शकते. गेममध्ये सोय असेल तर तीन स्लॉट (सेव्हच्या वेगवेगळ्या जागा) ठेवा आणि आळीपाळीने हाताने सेव्ह करा. घरच्या इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू करा, नाहीतर लाइट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होण्याच्या क्षणभरात डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस गेम खेळत राहण्यासाठी नाही, सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरताच आहे.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५च्या आसपास जातो. तेव्हा लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपोआप वेग कमी करतो आणि गेम अडखळतो. फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) ३०वर बांधून टाका, रमतगमत फिरायला तेवढा पुष्कळ झाला. लॅपटॉप गोधडीवर नको, टेबलावर ठेवा आणि मागची बाजू थोडी उचला. कूलरचा दमट झोत त्याच्यावर थेट सोडू नका, खोलीत हवा खेळती असली की झालं.