धर्म बदलणाऱ्यांचा आलेख: आधी ग्राफपेपर, मग कॉम्प्युटर

कॉम्प्युटर तासभर बंदच राहू द्या. ए-फोर आकाराचा ग्राफपेपर उभा धरा आणि एक टक्का म्हणजे दोन मिलिमीटर असं माप ठरवा. शंभर टक्क्यांचा खांब २० सेंटिमीटरचा होतो, कागदावर आरामात मावतो. डावा खांब 'लहानपणी', उजवा 'आज'. कोण कुठल्या धर्मातून कुठे गेलं ते या दोन खांबांना जोडणाऱ्या पट्ट्यांनी दाखवायचं; जितके लोक, तितका पट्टा जाड. मासिकांसाठी आलेख काढायला लागून मला बरीच वर्षं झाली, तरी असल्या आलेखाची सुरुवात मी अजून पेन्सिलीनेच करते.

सरावाला अमेरिकेचे आकडे घ्या. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या पाहण्या करणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये तिथल्या ३५ हजारांहून जास्त प्रौढांना दोन गोष्टी विचारल्या: आज कुठला धर्म मानता आणि लहानपणी कुठल्या धर्मात वाढलात. कॅथलिक घरात वाढलेले ३१.७ टक्के, त्यातून बाहेर पडलेले १२.९, बाहेरून आलेले २.०, आज कॅथलिक २०.८. टक्के सगळे एकूण प्रौढांपैकीच. डाव्या खांबावर ६३.४ मिलिमीटर मोजून खूण करा. त्यातले २५.८ बाहेर जातात, ३७.६ सरळ उजवीकडे पोचतात. तिथे बाहेरून आलेला ४ मिलिमीटरचा पट्टा जोडला की ४१.६ होतात, म्हणजे बरोबर २०.८ टक्के. एक आला तर सहाहून जास्त गेले, हे पेन्सिल फिरवताना हातालाच कळतं.

आता 'कुठलाच धर्म नाही' म्हणणारे. लहानपणी ९.२, त्यातून गेलेले ४.३, नव्याने आलेले १८.०. बेरीज-वजाबाकी करून २२.९ येतात, छापलेला आकडा २२.८ आहे. घाबरू नका, तो आकडे एका दशांशापर्यंत आणतानाचा फरक आहे. कागदावर ०.२ मिलिमीटर, पेन्सिलीच्या टोकात जिरतो. पण या गटाकडे नीट बघा. निधर्मी घरात वाढलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे कुठल्या ना कुठल्या धर्मात गेलेत. नुसतं '९.२ वरून २२.८' असं लिहिलं की हे ४.३ टक्के लोक गायब होतात. म्हणून माझा एकच हट्ट असतो: आलेले आणि गेलेले यांची वजाबाकी करून एकच बाण काढायचा नाही. दोन्ही पट्टे दिसले पाहिजेत.

हा हट्ट कुठून आला ते सांगते. मी नागपूरची. माझा पहिला असा आलेख अर्थातच १९५६चा होता. महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१च्या जनगणनेत बौद्ध २,४८७ आणि १९६१ला २७,८९,५०१. मध्ये १४ ऑक्टोबर १९५६, दीक्षाभूमी. मी हिंदूंपासून बौद्धांपर्यंत एक जाडजूड निळा पट्टा ओढला आणि मोठ्या ऐटीत आत्याला दाखवला. दीक्षेच्या दिवशी ती नऊ वर्षांची होती, आजोबांच्या खांद्यावर बसून गेली होती. चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "तुझा बाप ५८ सालचा. तो बौद्धच जन्मला. त्याला कशाला हिंदूतून ओढत आणलंस?"

बरोबर होतं तिचं. जनगणना त्या दिवशी कोण किती आहेत ते मोजते, जन्म कुठल्या घरात झाला ते विचारत नाही. दहा वर्षांतले जन्म, मृत्यू, स्थलांतर सगळं त्या फरकात मिसळलेलं असतं. शिवाय कागदावर काय लिहायचं याचाही हिशोब असतो. अनुसूचित जातींच्या केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० मध्ये मिळाल्या, तोवर मनात एक आणि रकान्यात दुसरं असू शकत होतं. तेव्हा दोन जनगणनांमध्ये पट्टा काढू नका. शेजारी शेजारी दोन खांब उभे करा, मधली जागा कोरी सोडा. पट्टा फक्त एकाच माणसाला 'तेव्हा' आणि 'आता' दोन्ही विचारलं असेल तरच.

पेन्सिलीचं काम झालं की मग मशीन. कॅथलिकांतून गेलेले १२.९ टक्के नेमके कुठे गेले हे वरच्या चार आकड्यांतून कळत नाही, त्यासाठी मूळ फाइल लागते. प्यूच्या साइटवर मोफत खातं उघडून ती उतरवता येते. एक्सेलसारख्या प्रोग्रॅमच्या पिव्हट टेबलात, म्हणजे मोजणी करून देणाऱ्या तक्त्यात, ओळींना लहानपणीचा धर्म, स्तंभांना आजचा, आणि आत माणसांची संख्या नाही तर त्यांच्या 'वेट'ची, म्हणजे प्रत्येक उत्तराला पाहणीत दिलेल्या वजनाची, बेरीज. नवखे हमखास इथे चुकतात. मग तो तक्ता रॉग्राफ्स या आलेख काढणाऱ्या साइटवर टाकून अ‍ॅल्युव्हियल हा पट्ट्यांचा प्रकार निवडा, किंवा सँकीमॅटिक या तसल्याच साइटवर एकेक ओळ लिहा. डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना नुसतं 'कॅथलिक' लिहिलंत तर सँकीमॅटिकला तो एकच गट वाटतो आणि चित्र बिघडतं. 'कॅथलिक, लहानपणी' आणि 'कॅथलिक, आज' अशी वेगळी नावं द्या.

गट किती करायचे हे आधीच ठरवा, कारण त्यावर उत्तरच बदलतं. २०१४च्या त्याच पाहणीत प्रोटेस्टंटांच्या तीन परंपरा (इव्हँजेलिकल, जुन्या मुख्य पंथांची 'मेनलाइन' आणि कृष्णवर्णीयांची) वेगळ्या धरल्या तर ४२ टक्के अमेरिकन प्रौढांनी पंथ किंवा धर्म बदललेला दिसतो, सगळे प्रोटेस्टंट एक धरले तर ३४. दोन्ही खरंच. कुठलं धरलं ते आलेखाखाली लिहा.

जागेचंही राजकारण असतं. निधर्मींना तळाशी ठेवलं की सगळे पट्टे खाली कोसळताना दिसतात आणि वाचक मनात 'अधोगती' म्हणतो. मी त्यांना मध्ये ठेवते. मुळात कॅप्टन सँकी या इंजिनिअरने १८९८ मध्ये हा प्रकार वाफेच्या इंजिनातली उष्णता कुठे वाया जाते हे दाखवायला वापरला, तेव्हा गळतीचा वास त्याला जन्मापासूनच आहे. रंग देताना भगवा, हिरवा, निळा टाळा. आपल्याकडे रंग वाचकाच्या आधी बोलायला लागतो. न बदललेल्यांचे पट्टे फिकट राखाडी करा, नाहीतर तेच सगळं चित्र खाऊन टाकतात. शीर्षकात मी 'धर्मांतर' लिहीत नाही, बाप्टिस्ट सोडून मेथडिस्ट झालेल्याला, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथातून दुसऱ्यात गेलेल्याला, तो शब्द फारच जड होतो.

भारताचा आलेख असा काढायचा मोह होईल. प्यूने २०१९-२० मध्ये इथे जवळपास ३० हजार प्रौढांना विचारलं, ९८ टक्के लहानपणीच्याच धर्मात होते. हिंदू म्हणून वाढून आता दुसरं काही सांगणारे ०.७ टक्के, उलट दिशेने हिंदू झालेले ०.८. आपल्या मापाने १.४ आणि १.६ मिलिमीटर. इथे पट्टे नकोत, चार ओळींचा साधा तक्ता द्या. अमेरिकेतल्या छोट्या गटांचंही तेच. २०१४च्या पाहणीत तिथे हिंदू म्हणून वाढलेल्यांपैकी ८० टक्के तेव्हाही हिंदू होते, मेनलाइन प्रोटेस्टंटांत हे प्रमाण ४५ होतं. ही तुलना ठिपक्यांच्या आलेखात एका ओळीत दिसते, पट्ट्यांत हिंदू गट दोऱ्याएवढा असतो.

छापायला देण्याआधी फाइल पीडीएफ करून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. जोडाक्षरं फुटतात, आणि नेमका 'ख्रिश्चन' हाच शब्द आधी फुटतो. अक्षरांचं आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचे आकार चित्रासारखे पक्के करून पाठवा, आणि एक प्रत काळ्यापांढऱ्यात काढा. झेरॉक्समध्ये दोन पट्टे एकसारखे दिसले तर रंग बदला.